भाईंदरचा शिक्का

हंसा : पत्राचं उत्तर द्यायचं नसलं की लोक ते फाडून टाकतात. तुम्ही बावीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंत.

पंढरीनाथ : कुठे सापडलं तुला?

हंसा : रक्तावरच्या त्या जाड्या पुस्तकात. परळचं क्वार्टर सोडून इथे भाईंदरला, गोडदेवला आलो तेव्हा मी म्हटलं होतं, ही पुस्तकं रद्दीत घाला. तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात. मला वाटलं, विद्येचं प्रेम.

पंढरीनाथ : दे इकडे. घडीवर फाटतंय ते.

हंसा : बसा खाली. मीच वाचते. 'परळच्या प्रयोगशाळेतील साहेब यांस उत्तनहून दत्ताराम याचा नमस्कार. चंपाची मागची दाढ किडली आहे. गाल सुजला आहे. भाईंदरचे दातांचे डॉक्टर बोलतात, आधी ताज्या रक्ताची बाटली चढवू, मगच दाढ काढू. आपण सांगितले होते की आम्हाला विचारल्याशिवाय मुलीला बाहेरचे रक्त देऊ नका. तरी रक्त द्यावे की न द्यावे ते उलट टपाली कळवावे. आम्ही वाट पाहत आहोत.'

पंढरीनाथ : मला पाठ आहे.

हंसा : असणारच. निळं आंतर्देशीय, त्यावर भाईंदरचा शिक्का, सहा फेब्रुवारी पंच्याऐंशी. शेजारी मुंबईचा, आठ फेब्रुवारी.

पंढरीनाथ : आठला शुक्रवार होता.

हंसा : आज शनिवार आहे. सरोजा यायची वेळ झाली.

पंढरीनाथ : कोण सरोजा?

हंसा : नका हो असं करू या वयात. तीन वर्षं आपल्या दारात मासळीची टोपली उतरवतेय ती. तिची बेल वाजली की तुम्ही आत जाऊन कडी लावता. मासा सोडलात. मला सांगितलंत, पित्त होतं. मी तुमच्यासाठी आवळ्याचं सरबत करत बसले.

पंढरीनाथ : पहिल्याच दिवशी तिनं तुला सांगितलं होतं, उत्तनच्या दत्तारामची मुलगी म्हणून. मी आतून ऐकलं.

हंसा : आणि तिच्या भावाचं? गेल्या आठवड्यात सांगत होती, ते ऐकलंत आतून?

पंढरीनाथ : पंखा चालू होता.

हंसा : मग आता ऐका. मी बोंबील साफ करून घेत होते, ती उंबऱ्यावर बसून बोलत होती. भाऊ परत आलाय म्हणाली. बबन त्याचं नाव. इतकी वर्षं वेरावळला दुसऱ्यांच्या बोटींवर होता. आता पाय सडलाय, काम होत नाही. पण बापानं घरात घेतलं नाही, तर किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या खोपटात पडून असतो. मी सहज विचारलं, एवढं काय केलं गं त्यानं? म्हणाली, एक पत्र टाकलं नाही. उत्तनच्या पेटीतून निघायला एक दिवस जास्त जातो, म्हणून बापानं त्याला एसटीनं भाईंदरला पाठवलं, स्टेशनाजवळच्या पेटीत टाकून ये म्हणून. हा तिकडे सिनेमाला बसला. घरी येऊन म्हणाला, टाकलं. उत्तर आलं नाही आणि धाकटी बहीण गेली. बापानं वल्ह्यानं मारून बाहेर काढलं. सतरा वर्षांचा होता.

पंढरीनाथ : हंसा, पुरे.

हंसा : पुरे कसं? बाप आता अंथरुणाला खिळलाय. डोळे गेलेत. आज आहे उद्या नाही. आणि एकच गोष्ट घोकतोय, माझ्या तिरडीला बबनचा हात लागता कामा नये. मी विचारलं, पत्र कुणाला होतं? म्हणाली, परळच्या साहेबाला. रक्ताच्या साहेबाला. तेव्हापासून आठवडाभर तुमची एकेक वस्तू उपसतेय मी.

पंढरीनाथ : मी वैद्य नव्हतो, हंसा. नावापुढे डॉक्टर लागलं ते प्रबंधामुळे. रक्त द्या असं मी लिहायचं आणि काही बरंवाईट झालं तर? आमचे प्रमुख दिल्लीला गेले होते. सोमवारी यायचे होते. त्यांना विचारून लिहू, असं मनात होतं.

हंसा : दातांच्या डॉक्टरला कळत होतं रक्त चढवायला हवं ते.

पंढरीनाथ : आमची सूचना चुकीची नव्हती. चंपासारख्या, रक्त न गोठणाऱ्या मुलांना सारखं बाहेरचं रक्त दिलं की शरीर त्यातल्या पेशींना परकं समजून मारायला लागतं. मग खरी गरज पडते तेव्हा उपयोग होत नाही. म्हणून आम्ही आईबापांना बजावून ठेवायचो.

हंसा : खरी गरज पडली होती. मंगळवारी काय होतं?

पंढरीनाथ : कुठला मंगळवार?

हंसा : तुमची नोंदवहीही त्याच कपाटात होती. बारा फेब्रुवारी, मंगळवार. निळ्या शाईत लिहिलंय, 'नमुना बारावा. रुग्ण चं. द., वय तेरा. बाहेरचे रक्त दिलेले नाही.' त्याखाली काळ्या शाईत, 'रुग्ण आली नाही.' अशा दोन शाया का?

पंढरीनाथ : ती आमची पद्धत होती. नमुना आला की हात मोकळा नसतो. रक्त काढल्यापासून तीन-चार तासांत सगळं उरकावं लागतं, नाहीतर पेशी मलूल होतात. म्हणून वरचा मजकूर आधीच लिहून पान तयार ठेवायचो.

हंसा : हे पान कधी तयार केलंत?

पंढरीनाथ : शुक्रवारी.

हंसा : पत्र वाचायच्या आधी की नंतर?

पंढरीनाथ : नंतर.

हंसा : म्हणजे उत्तर लिहिलंत तुम्ही. फक्त ते टपालात टाकलं नाहीत.

पंढरीनाथ : तो शेवटचा नमुना होता. एकदा रक्त चढवलं की आठ-दहा दिवस दुसऱ्याच्या पेशी अंगात फिरतात. मंगळवार फुकट गेला असता. दाढेनं कुणी मरत नाही असं वाटलं मला. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

हंसा : कोणाच्या चार दिवसांचा?

पंढरीनाथ : तुला कसं सांगू. नळीतून प्रकाश सोडायचा आणि यंत्राचं पेन कागदावर रेघ काढायचं. आपल्या रक्तात जखमेचा निरोप पोचवणारा थेंब टाकला की त्या बारीक पेशी एकमेकींना घट्ट धरतात, गुठळ्या होतात, नळी नितळ होते आणि रेघ सरसर वर चढते. चंपाची चढायची नाही. सुरुवातीला इवलासा खड्डा पडायचा आणि मग टोकापर्यंत सरळ. तो खड्डा पहिल्यांदा मी पाहिला. त्याचा अर्थ, निरोप पोचत होता. पेशी तो आत घेत होती, अंग बदलत होती, सगळी तयारी करत होती. फक्त शेजारणीला धरायला हात नव्हता. निरोप पोचणं आणि हात धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पोरीच्या रक्तानं दाखवून दिलं.

हंसा : तो कागद तुम्ही घरी आणला होतात. जेवणाचं ताट बाजूला सारून टेबलावर पसरलात आणि म्हणालात, बघ हंसा, किती सुंदर सरळ रेघ.

पंढरीनाथ : म्हणालो असेन.

हंसा : म्हणालात. मीही कौतुक केलं. निरोप पोचला, आत घेतला, तयारी झाली, पान आखून झालं आणि हात काही पुढे झाला नाही. त्या पोरीत निदान जन्मापासून उणं होतं. तुमचं काय?

पंढरीनाथ : मंगळवारी मी यंत्र तापवून बसलो होतो. सदतीस अंशांवर, आपल्या अंगाइतकं. बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. मनातून चिडलो होतो, की या लोकांना वेळेची किंमत नाही. ती आदल्याच दिवशी गेली होती.

हंसा : कळलं कधी?

पंढरीनाथ : महिन्याभरानं दत्ताराम आला. नेहमीसारखी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, पोर गेली साहेब. मग विचारलं, माझं पत्र मिळालं होतं का, एवढंच सांगा. मी नाही म्हणालो.

हंसा : तोंडावर?

पंढरीनाथ : खाली बघून. तो म्हणाला, वाटलंच मला, मिळालं असतं तर तुम्ही उत्तर दिलंच असतं. पिशवी ठेवली आणि गेला.

हंसा : ते बोंबील आपण खाल्ले.

पंढरीनाथ : हो.

हंसा : आणि निबंध छापून आला. त्यावर परदेशी गेलात, मलाही नेलंत. तिथली लोकरी शाल मी अजून थंडीत पांघरते. काय लिहिलं होतंत हो त्यात, बाराव्या नमुन्याबद्दल?

पंढरीनाथ : तसं लिहायची रीत असते.

हंसा : काय लिहिलं होतंत?

पंढरीनाथ : 'यानंतर रुग्णाशी संपर्क राहिला नाही.'

हंसा : बेल वाजली. आत जाऊ नका. आज कडी लावलीत तर मी तिला दारातच सगळं सांगेन आणि मग ते माझ्या तोंडून येईल. तुमच्या तोंडून येऊ द्या. दार उघडा.

सरोजा : ताई, मांदेली हायेत, ताजी... साहेब, आज तुमी दारात? तब्येत बरी हाय ना?

हंसा : टोपली उतरव, सरोजा. आत ये.

सरोजा : नको, पायाला पानी हाय. लादी खराब होईल.

हंसा : होऊ दे. यांना तुला काही सांगायचंय.

पंढरीनाथ : बसा, सरोजाबाई. तुम्ही मला ओळखलं नसेल.

सरोजा : ओळखलं न्हाय कसं? दारावर तुमची पाटी हाय. मला वाचता येत न्हाय, पन लिफ्टवाल्याला विचारून घेतलं. चंपाच्या संगती मी यायची ना परळला. सुई टोचली की तुमी तिला लिमलेटची गोळी द्यायचा. मला पन एक द्यायचा.

पंढरीनाथ : मग कधी बोलला नाहीत?

सरोजा : तुमी आत जायचा. मी बोलली, साहेबाला पोरीची आठवन येत असंल, जीव दुखत असंल, कशाला बोला. म्हनून या घरी बर्फातला मासा मी कधी दिला न्हाय. तुमच्यासाठी आधी निवडून बाजूला ठेवते, मंग बाकीचा बाजारात नेते. ताईला विचारा. बा आजपन बोलतो, साहेबाच्या हातात पत्र पडलं असतं तर माझी पोर जगली असती.

पंढरीनाथ : पडलं होतं.

सरोजा : काय पडलं होतं?

पंढरीनाथ : पत्र. माझ्या हातात. शुक्रवारी सकाळी.

सरोजा : कुठल्या शुक्रवारी?

पंढरीनाथ : चंपा सोमवारी गेली. त्याच्या आधीच्या.

सरोजा : ताई, साहेब काय बोलतात?

हंसा : खरं बोलतात. हे बघ पत्र. मीच आज शोधून काढलं.

सरोजा : रविवारी दाढ आपसूक निखळली. रगत थांबना. भाईंदरच्या दवाखान्यात नेली. बाटली आनून टांगली होती, ताई. नळी फकस्त लावायची होती. डॉक्टर बाला बोलले, लावतो. बा बोलला, साहेबाचं उत्तर येऊ दे, त्यांनी शपथ घातल्यावानी सांगितलंय. सोमवारी दुपारी उत्तनला टपाल यायचं. बा मला बोलला, तू हितं बस, मी घरी जाऊन बघून येतो. तो गेला तवा चंपा बोलत होती माझ्याशी.

हंसा : पाणी घे थोडं.

सरोजा : नको. मंग बबननं टाकलं होतं?

पंढरीनाथ : त्याच दिवशी टाकलं होतं. शिक्का आहे त्यावर.

सरोजा : कुठं?

हंसा : हा इथे. काळं गोल दिसतंय ना, ते.

सरोजा : एवढासा.

पंढरीनाथ : मी तुमच्याबरोबर उत्तनला येतो. आत्ता येतो. त्यांच्या पाया पडतो.

सरोजा : न्हाय. तुमी तिथं यायचं न्हाय. साहेब आले म्हटल्यावर बा उठून बसंल, मला चा ठेवायला सांगंल. तुमी काय बोलाल ते त्याच्या कानात शिरनार न्हाय. आनि मला तुमच्या हातात कप द्यायचा न्हाय.

हंसा : मग हे पत्र तू घेऊन जा. बापाला दाखव.

सरोजा : त्याला दिसत न्हाय, ताई. माझं तो ऐकत न्हाय, मी बबनची बाजू घेते म्हनून. पोस्टमन वाचून दाखवतो तेवढंच मानतो. आजपन दुपारची सायकल वाजली की विचारतो, काय हाय काय माझं? मी नेऊन पोस्टमनच्या हातात दिलं तर गावात लपतं होय? सरूनं लिहून आनलं बोलतील. ते त्याच्या पिशवीतूनच निघालं पायजे. साहेबांनी उत्तर लिहावं, आत हे पत्र घालावं, आनि टपालात टाकावं. शिक्का पोस्टमनच वाचंल. शिक्का खोटा म्हनायची बाची छाती न्हाय.

पंढरीनाथ : हे आत घालायचं? पण हे एकच आहे. वाटेत गहाळ झालं तर पुरावा उरणार नाही. त्यापेक्षा मी नक्कल...

सरोजा : तुमचं न्हाय ते. बाचं हाय. उत्तराबरोबर परत जाऊ दे.

हंसा : हा कागद, हे पेन. लिहा. आणि मोठ्यानं वाचत लिहा, तिला कळायला हवं.

पंढरीनाथ : 'श्री. दत्ताराम यांस सप्रेम नमस्कार. त्या काळी रक्त गोठण्याच्या क्रियेत पेशींमध्ये निरोपांची देवाणघेवाण कशी होते यासंबंधी आमचे जे काम चालू होते त्याची थोडी पार्श्वभूमी...'

हंसा : खोडा ते.

पंढरीनाथ : त्यांना समजायला हवं की मी का...

हंसा : त्यांनी ते विचारलेलं नाही. दुसरा कागद घ्या.

पंढरीनाथ : 'आपले सहा फेब्रुवारीचे पत्र मला शुक्रवारी, आठ तारखेला मिळाले. बबनने ते वेळेवर टाकले होते. सोबत ते परत पाठवत आहे, त्यावरचा शिक्का पाहावा.' आता सही करू?

हंसा : दत्ताराम समोर येऊन उभा राहिला होता, ते?

पंढरीनाथ : 'आपण समक्ष विचारलेत तेव्हा पत्र मिळाले नाही असे मी सांगितले. ते खोटे होते.' हंसा, अक्षर नीट येत नाही.

हंसा : पोस्टमनला लागेल ते. पुढे?

पंढरीनाथ : पुढे काय? क्षमा मागतो. 'मला क्षमा...'

सरोजा : ते नको.

पंढरीनाथ : क्षमाही मागू नको?

सरोजा : बाला मऊ वाटंल. बोलंल, बिचारा साहेब. नको. पन बानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर तुमी अजून लिवलं न्हाय.

पंढरीनाथ : काय विचारलं होतं?

सरोजा : रगत द्यायचं का न्हाय.

पंढरीनाथ : आता?

सरोजा : इचारलंय त्यानं. वाट बघतोय.

पंढरीनाथ : हंसा, हिला सांग ना.

हंसा : मी काय सांगू? बरोबर बोलतेय ती. उत्तर लिहायला बसलात ना?

पंढरीनाथ : 'रक्त द्यावे.'

सरोजा : आता करा सही.

हंसा : तिकिटं माझ्या पाकिटात आहेत, चिकटवून देते. रजिस्टर केलं असतं, पण शनिवारची खिडकी केव्हाच बंद झाली. थेट सोमवारी उघडेल.

सरोजा : सोमवारपर्यंत थांबत न्हाय आता कोन. पेटीतून आज काढतात का?

हंसा : पोस्टाबाहेरच्या पेटीतून चारला काढतात.

सरोजा : मंग चला, साहेब. टोपली राहू दे हितं. ताई, मांदेलीवर मीठ मारून ठेवा.

पंढरीनाथ : मी टाकून येतो ना. तुम्ही कशाला येता एवढ्या उन्हात? टाकेन मी, खरंच.

सरोजा : मी येते.

(टपालपेटीपाशी.)

पंढरीनाथ : पत्ता बरोबर आहे ना? उत्तन, पाली नाक्यापलीकडे... मी पुन्हा एकदा वाचून दाखवू?

सरोजा : दोनदा वाचलात तुमी जिन्यात.

पंढरीनाथ : पाकीट जाड झालंय. फटीत अडकलं तर? मागे एकदा माझं एक...

सरोजा : हात सोडा, साहेब.

पंढरीनाथ : सोडला. आवाज नाही आला.

सरोजा : कागद हाय. आवाज कसला येनार? बाजूला व्हा, मागं मानूस उभा हाय.

पंढरीनाथ : सरोजाबाई, तुम्ही आमच्याकडे येणं बंद कराल.

सरोजा : येईन की. धंदा हाय. पन आता बर्फातला मिळंल.

पंढरीनाथ : सोमवारी दुपारी पोचेल ना? तोवर दत्ताराम...

सरोजा : मला काय ठाऊक. तुमी पन वाट बघा.

पंढरीनाथ : आणि बबन? त्याला आज काय सांगाल?

सरोजा : सांगेन, साहेबानं पेटीत टाकलं, मी उभी राहून पायलं. त्याच्या संगती त्या दिवशी कोन न्हवतं.